एका कार्डावर त्रेसष्ट नावं

जे गाणं पानठेल्यावर वाजतं ते माझ्या वहीत येणार नाही, हा नियम मी वयाच्या पंधराव्या वर्षी केला आणि पुढं बरीच वर्षं कडकपणे पाळला. पवनीत आमच्या विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी एक पानठेला होता. त्यावर रेडिओ होता आणि त्याचा आवाज एवढा मोठा, की घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनाही कुठलं गाणं लागलंय ते कळायचं. सगळ्या गावाला जे फुकट आणि न मागता मिळतंय ते मी कशाला लिहून ठेवू? माझी वही उरलेल्या गाण्यांसाठी होती. पडेल सिनेमांतली गाणी, तबकडीच्या मागच्या बाजूची गाणी, निवेदकाकडं पाच मिनिटं उरली आणि हाताला दुसरं काही लागलं नाही म्हणून भर दुपारी लागणारी गाणी. असल्या गाण्यांचा मला फार पुळका. त्यांचं कुणी नाही, म्हणून मी त्यांची.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरी खड्ड्याचा माग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत, खाली पावड्या दाबत, हातानं धोटा इकडून तिकडे पळवत आणि फणी ठोकत. आई उभ्या सुताचा ताणा करायची, मी धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायची. मागाच्या वर फळीवर रेडिओ. तो सुरू केला की आधी तापायचा, मग घसा खाकरायचा, मग बोलायचा. त्याचं लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन नवं करून आणावं लागे, आणि ते काम बाबा घरपट्टीच्याही आधी करत. आई म्हणायची, "घरात माणसायले कागद नाई, अन् या डब्ब्याले लायसन."

वर्षातले मोजकेच दिवस माग बंद असे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, धोट्याला हळदकुंकू लागायचं, आणि त्या दिवशी मागाला हात लावायचा नाही असा रिवाज. रिकाम्या हातांनी बसायची बाबांना सवय नव्हती. सकाळभर ते उगीच घरातल्या वस्तू उचलून दुसरीकडं ठेवत आणि आईच्या शिव्या खात. म्हणून दुपारी आम्ही दोघं वर्षाची यादी पक्की करायला बसायचो. आमचं वर्ष असं दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत. दहा गाणी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. भांडणं मात्र कितीही.

बाबांची कसोटी सरळ होती. ते माग चालवताना गाणी ऐकत. ज्या गाण्यानं हात चालतो ते चांगलं. ज्यानं हात थांबतो ते त्याहून चांगलं, पण असं वर्षातून एखादंच असावं, नाहीतर लुगडं मागावरून उतरायचं कधी? माझी कसोटी अशी सरळ नव्हती. मला गाण्यात काहीतरी चुकलेलं आवडायचं. एका वर्षी मी पहिला नंबर ज्या गाण्याला दिला, त्यात गाणारी बाई तिसऱ्या ओळीच्या आधी अगदी हळू खोकते. मी शपथेवर सांगते, खोकते. बाबांनी चारदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "खोकली असन. पन पयला नंबर खोकल्याले देऊन राहिली का गाण्याले?" त्यावरून आमचा दसरा कडू झाला. शेवटी ते तिसऱ्या नंबरावर गेलं आणि पहिल्यावर बाबांची एक अंगाई आली. ती डाकूंच्या सिनेमातली होती. डाकूंच्या सिनेमात अंगाई कशाला, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही, पण गाणं छान होतं हे कबूल करते.

मोठ्या तबकडीचं भाग्य आमच्या घरी नव्हतं. ते लुगड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी होतं. बाबांनी विणलेली लुगडी घेऊन मी त्यांच्याकडं जायची, तेव्हा त्यांची बायको कधीकधी मला दाराशी बसू द्यायची आणि रेकॉर्ड लावायची. सिनेमातली नाही, नुसती गझलांची. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. मी उंबऱ्याच्या अलीकडं बसून आठही ऐकायची आणि घरी आल्यावर कांड्या भरायला उशीर का झाला याचं दर वेळी नवं कारण द्यायची. त्यातल्या सहाव्या गझलेत गवई एक ओळ तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा अर्ध्यातच सोडून पुढं उडी मारायचा. काय ती अदा! मी त्या वर्षी वहीत खास पान करून लिहिलं, की अशी हिंमत दुसऱ्या कुणाची नाही. पुढं फार वर्षांनी तीच रेकॉर्ड दुसऱ्या घरी ऐकली तर तो ओळ एकदाच म्हणून शहाण्यासारखा पुढं गेला. व्यापाऱ्याच्या रेकॉर्डवर ओरखडा होता. मला अजूनही ओरखड्याची गझलच जास्त बरी वाटते.

आता पानठेलेवाले मामा. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. ते आमच्या गल्लीच्या श्रोता संघाचे अध्यक्ष होते. संघाचं काम एकच, रेडिओच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डं पाठवणं. सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं मागायचं, खाली आपली नावं लिहायची, आणि मग रविवारी दुपारी निवेदकाच्या तोंडून ती ऐकायची. मामांचं नाव महिन्यातून एकदोनदा तरी रेडिओवर यायचं. त्यामुळं त्यांचा रुबाब तहसीलदाराच्या वरचा. परगावचे लोक पान खायला थांबत आणि विचारत, "रेडिओवरचे ते तुमीच का जी?" मामा मान न हलवता चुना लावत. आमची यादी त्यांना ठाऊक होती, कारण बाबा भोळेपणानं दसऱ्याचं सोनं देताना त्यांना ती सांगून येत.

"काय वं पोट्टी," मामा मला हटकायचे, "यंदा कोनती मयताची गाणी निवडली?"

"तुमच्या गाण्यायनं जे मरतेत, त्यायच्यासाठीच निवडली जी, मामा."

असं आमचं प्रेमाचं नातं होतं.

मग ते गाणं आलं. सिनेमाचं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि नंतरही झालं नाही. नव्या सिनेमांची गाणी वाजवण्याचा एक कार्यक्रम दुपारी लागायचा, त्यात ते पहिल्यांदा ऐकलं. बरं होतं. मुखडा साधा, पहिला अंतरा त्याहून साधा. मी कांडी भरता भरता मनात त्याला सातवा नंबर देऊन टाकला. मग एक सारंगी आली, आणि तिच्या मागून दुसरा अंतरा. त्यात गाणारा एका सुरावर जाऊन थांबायचा आणि तिथंच राहायचा. ओरडायचा नाही, दाखवायचा नाही, नुसता राहायचा. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माग बंद पडलाय. बाबांचा धोटा हातात तसाच होता. सूर सुटला, गाणं खाली उतरलं, आणि माग पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "खरं गाणं तं दुसऱ्या अंतऱ्यात हाय."

त्या महिन्यात ते आणखी तीनदा लागलं. तिन्ही वेळा बाबांचा हात त्याच जागी थांबला. मग सिनेमा पडला असणार. एवढा पडला, की पवनीच्या तंबू टॉकीजपर्यंतही पोचला नाही, जिथं काहीही पोचायचं. सिनेमाबरोबर गाणंही गेलं. त्या दसऱ्याला आमचं पहिल्यांदाच भांडण झालं नाही. पहिला नंबर आधीच ठरलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात व्यापारी बाबांना म्हणाले, "यंदा तुमचं कापड जाड येऊन राहिलं, काय झालं?" बाबांना काही कळेना. सूत तेच, माग तोच, हात तोच. आईनं मात्र एक गोष्ट हेरली होती. बाबा फणी पूर्वीपेक्षा जोरात ठोकत होते. आमच्या मागाचा ठोका आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. विणकर ठोका कानानं मोजतो. कानाला तो पुरेसा लागला नाही की हात आपोआप जड पडतो, आणि कापड दाट होतं. मग रेडिओचं बटण आठवलं. ते मी दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत होते, बाबा सांगत म्हणून, आणि आता ते पुढं सरकायला जागाच नव्हती. आम्हाला वाटलं होतं, डबा म्हातारा झालाय.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत उजेड पाडून पाहिलं, कानामागं काहीतरी वाजवून पाहिलं आणि सांगितलं की नस वाळत चालली आहे. डावा कान जवळजवळ गेलाच होता. उजवाही वर्षभरात जाईल, औषध नाही. मला एसटीत रडू आलं. बाबांनी खिडकीतून बाहेर बघत, नको तेवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं, "चाल, पानठेल्याचा तरास संपला." सगळी एसटी आमच्याकडं बघायला लागली. मीही रडता रडता हसले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जे आयकाचं ते आयकून झालं. फक्त कान जाच्या आधी ते एक गाणं अजून एकडाव पुरं आयकाचं होतं."

झालं. मला दुसरं काही सुचेना. मी भंडाऱ्याच्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदारानं सिनेमाचं नाव विचारलं, मी सांगू शकले नाही, मग चाल गुणगुणून दाखवली. तो म्हणाला, "बाई, असं तं सारेच गाणे राहतेत." मी खरंच बेसूर आहे, त्याचा दोष नाही. तुमसरला चुलतमामा धानाच्या गिरणीत होते, ते कामाला नागपूरला जात. त्यांनी तिथं चौकशी केली. उत्तर आलं की रेकॉर्ड निघाली असेल तर संपली असेल, आणि संपली नसेल तर निघालीच नसेल. म्हणजे उरला रेडिओ. त्यांच्याकडं ती तबकडी असणारच, चारदा वाजवली होती.

मी फर्माइशीच्या कार्यक्रमाला कार्ड टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. गाण्याच्या पहिल्या ओळीखाली माझं नाव आणि बाबांचं नाव, सुंदर अक्षरात. अकरा कार्डं गेली. अकराही कुठं गेली देव जाणे. दर रविवारी दुपारी मी रेडिओसमोर बसायची आणि मामांच्या आवडीची गाणी ऐकून उठायची. इकडं बाबांच्या उजव्या कानाजवळ जाऊन बोलावं लागायला लागलं होतं. आधी वीतभर अंतरावरून चालायचं, पावसाळा सरता सरता अगदी कानाला तोंड लावून.

शेवटी मी नाक मुठीत धरून पानठेल्यावर गेले. मामांनी सगळं ऐकून घेतलं, पान दुमडलं, लवंग टोचली.

"दोन नावायसाठी कोन गाणं वाजवते वं? तुले अक्कल नाई. असे गाणे मांगाचे तं सारा मोहल्ला उभा कराले लागते. कार्ड कसं भरगच्च पायजे. उचललं की त्याची नजरच हटली नाई पायजे."

"मग तुमी सांगा जी, कसं लिहाचं ते."

"सांगतो ना. पन एक अट हाय." मामांनी पान तोंडात टाकलं. "यंदाच्या दसऱ्याच्या यादीत पयला नंबर माह्या गाण्याले द्याचा. पेनानं. पेन्सिलनं नाई."

आणि त्यांनी गाणं सांगितलं. ते गाणं मी इथं लिहिणार नाही. त्यात सत्तर वेळा एकच शब्द येतो आणि मधे कोंबडा आरवतो. मी घरी आले, वही उघडली, दात ओठ खाल्ले आणि पेनानं लिहिलं. नेऊन मामांना दाखवलंही.

मग नावं गोळा करायला निघाले. मामांचं म्हणणं होतं की एकाही घराला वगळायचं नाही, नाहीतर उद्या पाण्यावरून भांडणं होतील. मला वाटलं होतं लोक नाक मुरडतील. छे! गल्लीत अशी काही लगबग उडाली की विचारू नका. बाबांचा कान जातोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, आणि रेडिओवर नाव यायचं म्हटल्यावर तर मुळीच नव्हता. एका म्हाताऱ्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं मात्र काही केल्या घेईना, तेव्हा तिच्या सुनेनं ते मला कानात सांगितलं. एका घरातून मेलेल्या आजोबांचं नाव आलं, त्यांना गाण्याची आवड होती म्हणून. एका पोटुशी वहिनीनं होणाऱ्या बाळाचंही नाव घालायला लावलं. मुलगाच होणार याची तिला खात्री होती. पुढं मुलगी झाली, पण कार्डावर ती मुलगा म्हणूनच गेली.

आता माझ्या कारागिरीची गोष्ट. लुगड्याच्या काठाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, चौकट एवढीशी की तांदळाचा दाणा मावणार नाही. ती नक्षी आमच्या घरी मी काढायची. बारीक लिहिण्यात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. लोक दोन पोस्टकार्डं करू म्हणत होते, तीन करू म्हणत होते. मी म्हटलं, एकातच बसवते. एका दुपारी दाराशी उजेडात बसून, टाकाचं निब घासून घासून, मी एका पोस्टकार्डावर त्रेसष्ट नावं बसवली. एकही नाव खोडलं नाही, एकही तोडलं नाही, प्रत्येक सुटं वाचता येत होतं. वर गाण्याची ओळ, खाली त्रेसष्ट नावं. मामांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि पहिल्यांदाच माझं कौतुक केलं. म्हणाले, "हे कार्ड तं कोनी फेकूच शकत नाई." ते दिवसभर पानठेल्यावर मांडून ठेवलं होतं. लोक येऊन आपापलं नाव शोधून जात. मला जो काही गर्व झाला तो मी लपवला नाही.

त्यानंतरचे रविवार गल्लीनं आमच्या घरी काढले. पहिल्या रविवारी बसायला जागा नव्हती. दुसऱ्या रविवारी जागा झाली. चौथ्या रविवारी आम्ही घरचे आणि मामा एवढेच होतो, आणि मामाही ठेला सोडून आल्याबद्दल कुरकुरत होते. दसरा होऊन गेला, दिवाळी होऊन गेली. बाबांनी अजून रेडिओचं तोंड सोडलं नव्हतं. आता ते माग चालवतानाही तो फळीवरून खाली घेत, मागाच्या तुळईवर अगदी उजव्या हाताशी ठेवत आणि कान टेकवत. काय ऐकू येतं असं मी विचारलं की म्हणत, "येते थोडंथोडं."

पाचव्या रविवारी कार्यक्रम संपत आला होता. मामा उठून चपला घालत होते. निवेदक म्हणाला, आता आजची शेवटची फर्माइश, आणि त्यानं आमच्या गाण्याची ओळ सांगितली. मी बाबांच्या खांद्याला धरलं आणि रेडिओकडं बोट दाखवलं. त्यांना कळलं. त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला, रेडिओला कान लावला आणि डोळे मिटले.

"आणि ही फर्माइश करताहेत पवनीहून," निवेदक म्हणाला, आणि पहिलं नाव मामांचं आलं. मामा एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. दुसरं नाव बाबांचं, तिसरं माझं, चौथं आईचं. आईनं पदर डोक्यावर घेतला, जणू निवेदक दारात उभा आहे. मग शेजारचं घर, मग त्याच्या पलीकडचं. बाहेरून पळापळ ऐकू आली. गल्लीत आणखी दोनतीन रेडिओ होते, त्यांवर ज्याचं नाव आलं तो आमच्याकडं धावत सुटला. एकेक नाव येत होतं आणि एकेक माणूस दारात उभं राहत होतं. मेलेल्या आजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांच्या घरच्यांनी हात जोडले. पोटुशी वहिनी पोट सावरत आली. हशा काय, टाळ्या काय, विचारू नका. मीही हसत होते, कारण निवेदक एकही नाव चुकला नव्हता, आणि ते माझ्या अक्षरामुळं.

मग माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. अडीचला बातम्या असायच्या. दोन पंचविसाला निवेदकानं सुरुवात केली होती, आणि सत्तावीस वाजून गेले तरी तो चाळिसाव्या नावावर होता. मनातल्या मनात मी त्याला सांगत होते, बस कर बाबा, इत्यादी म्हण, सोडून दे. पण तो इमानदार माणूस होता. त्यानं मध्येच दम घेतला, हसला, "पवनीकरांचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे" असंही म्हणाला आणि पुढचं नाव वाचलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट वाचली. तेव्हा मिनिटकाटा अठ्ठाविसाच्या पुढं गेला होता.

गाणं सुरू झालं तसा मी बाबांचा खांदा दाबला. सगळं घर गप्प झालं, दारातली गर्दीसुद्धा. बाबांची बोटं तुळईवर हलू लागली, मुखड्याच्या ठेक्यात. मुखडा झाला. पहिला अंतरा झाला. सारंगी आली, आणि सारंगीच्या मध्यावर गाणं हळूहळू लहान होत गेलं, निवेदकानं घाईघाईनं नमस्कार केला, टूं टूं झालं आणि एक गंभीर बाई बातम्या द्यायला लागली.

माझे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर त्याचा जीव घेतला असता, पण हे मीच केलं होतं, टाकाचं निब घासून. मला वाटलं आता बाबा डोळे उघडतील आणि माझ्याकडं बघतील, आणि मला ते बघवणार नाही.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांची बोटं चालूच होती. बातम्यांतली बाई कुठल्याशा दौऱ्याबद्दल सांगत होती, रेडिओ त्यांच्या कानाला लागलेला होता, आणि त्यांची बोटं त्याच ठेक्यात तुळईवर पडत होती. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी आईकडं पाहिलं. तिला माझ्या आधीच कळलेलं दिसलं. मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला. मामांनी ते मिटलं.

आम्ही सगळे तसेच उभे होतो, दारातले, ओट्यावरचे. बातम्या चालू होत्या. बाबांची बोटं चालत राहिली, आणि मग एका जागी थांबली. हवेतच. ती तशी राहिली, बरीच राहिली. मी श्वास धरून मनात तो सूर मोजत होते, आणि तो जिथं सुटतो अगदी तिथं बोटं खाली आली. पुढचा मुखडा त्यांनी शेवटपर्यंत वाजवला. मग हात मांडीवर ठेवला, डोळे उघडले आणि एवढी माणसं बघून ओशाळल्यासारखे हसले.

"पुरं वाजवलं गा त्यायनं," बाबा मोठ्यानं म्हणाले. "नाईतं मधातच कापतेत."

मामा गर्दीतून पुढं आले, खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यावर बसले आणि बाबांना दिसेल अशी मोठी मान हलवत ओरडले, "हो जी, पुरं वाजवलं."